अमरावती ते धारणी : जुन्या डिझेल जीपचे चार्जिंग तपासताना

अमरावतीहून धारणीला जाणारा रस्ता वलगाव, आसेगाव पूर्णा, परतवाडा, घटांग, सेमाडोह आणि हरिसाल असा जातो. परतवाड्यापर्यंतचा सुमारे 50 किलोमीटरचा टप्पा सपाट आणि भरवस्तीचा आहे. त्यापुढचा जवळपास दुप्पट लांबीचा टप्पा मात्र मेळघाटातला, म्हणजे घाटाचा, वळणांचा आणि बराचसा मोबाइलच्या रेंजबाहेरचा आहे. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एका प्रकल्पाच्या जंगलातून जाताना वाटेत उतरून बॉनेट उघडणे योग्यही नाही आणि सुरक्षितही नाही. त्यामुळे जुन्या गाडीच्या विजेची जी काही शंका असेल, ती परतवाड्यातच फेडून घ्यावी, हे या वृत्तांतातले माझे मुख्य सांगणे आहे.

एप्रिलमध्ये आम्ही मेहुण्यांच्या जुन्या डिझेल जीपने निघालो. आसेगाव मागे पडल्यावर हॉर्नचा आवाज घोगरा येऊ लागला आणि इंडिकेटरची टकटक संथ झाली. इंडिकेटरची उघडझाप करणारा जुन्या पद्धतीचा फ्लॅशर गरम होऊन चालत असल्यामुळे व्होल्टेज घसरले की त्याची गती मंदावते, म्हणून हे लक्षण मी नेहमीच गांभीर्याने घेतो. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र पूर्ण विझलेला होता. परतवाड्यात चहासाठी थांबून पुन्हा किल्ली फिरवली, तेव्हा सेल्फने एकदाच ‘टक’ असा आवाज केला आणि गाडी उचलली नाही.

जवळच्या एका दुकानात बॅटरी बदलण्याचा सल्ला लगेच मिळाला. बॅटरी फार जुनी नव्हती, म्हणून आम्ही रस्त्याकाठच्या एका वायरमनकडे गेलो. त्यांनी टर्मिनल न सोडता प्रथम व्होल्ट मोजणारा मीटर लावला. इंजिन बंद असताना 11.9 व्होल्ट आले. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी काही तास विसावल्यावर सुमारे 12.6 दाखवते आणि 12.2 म्हणजे साधारण निम्मी. त्या हिशेबाने 11.9 म्हणजे ती जवळजवळ रिकामी होती, पण रिकामी बॅटरी आणि खराब बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी बॅटरीच्या प्रत्येक घरातले, म्हणजे सेलमधले, पाणी पाहिले, दोन घरांत डिस्टिल्ड वॉटर घातले आणि गाडी धक्का देऊन सुरू करायला सांगितली. विदर्भाच्या उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी फार झपाट्याने उतरते, म्हणून ज्यांच्या बॅटरीला झाकणे आहेत त्यांनी निघण्यापूर्वी ती उघडून पाहावीत.

गाडी सुरू झाल्यावर हेडलाइट लावून, रेस थोडी वाढवून बॅटरीवर पुन्हा मीटर लावला, तेव्हा 12.3 व्होल्ट आले. चालू गाडीत इथे 13.8 ते 14.4 दिसायला हवे. भर दुपारी इंजिन तापलेले असताना चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर ते थोडे खाली आणतो, म्हणून 13.8 दिसल्यास घाबरू नये. 12.3 चा अर्थ मात्र एकच होता : बॅटरीपर्यंत पुरेसे चार्जिंग पोहोचत नव्हते.

मेहुणे म्हणाले, “म्हणजे अल्टरनेटर गेला.” (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग म्हणजे अल्टरनेटर.) वायरमन म्हणाले, “थांबा भाऊ, त्याच्या बुडाशी तर पाहू द्या आंधी.” त्यांनी मीटरची लाल सुई अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि काळी सुई त्याच्याच अंगावर ठेवली. काटा 14.4 वर स्थिर होता. अल्टरनेटर आपले काम चोख करत होता. रेग्युलेटर त्याच्या पोटातच असल्यामुळे तो स्वतःच्या टोकाचेच व्होल्टेज मोजतो आणि तिथे 14.4 मिळाले की समाधानी राहतो. लाल दिवाही त्यामुळेच विझलेला होता. तो दिवा अल्टरनेटरची प्रकृती सांगतो, बॅटरीला काय मिळते ते सांगत नाही. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा फरक मनात पक्का असल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, असे मला कळकळीने वाटते, कारण खेड्यापाड्यांत चांगले अल्टरनेटर आणि चांगल्या बॅटऱ्या केवळ या घोळामुळे भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत.

आता 14.4 आणि 12.3 यांच्यामधले 2.1 व्होल्ट वाटेत कुठे खर्च होत होते, तेवढेच शोधायचे राहिले. एक सुई अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवल्यावर मीटरने 2.0 दाखवले. अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचा मायनस यांच्यात केवळ 0.1 आले, म्हणजे अर्थिंग, गाडीच्या बॉडीतून करंट परत येण्याची वाट, निर्दोष होते. ही दोन्ही मापे इंजिन चालू ठेवून, दिवे लावूनच घ्यावी लागतात, कारण वायरमधून करंट वाहत नसेल तर कुजका जोडसुद्धा मीटरला शाबूत दिसतो. प्लसच्या बाजूला 0.3 च्या आणि अर्थिंगच्या बाजूला 0.2 च्या वर आकडा गेला, तर त्या वाटेवरचा प्रत्येक जोड उघडून पाहावा.

आमचा जोड बॅटरीच्या बैठकीखाली, इन्शुलेशन टेपच्या गुंडाळीत दडलेला होता. कुणीतरी पूर्वी तुटलेली चार्जिंगची वायर नुसती पिळून जोडली होती. टेप वितळून चिकट तपकिरी झाला होता आणि आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून काही तुटलेल्या होत्या. त्या वायरमधून 20 अँपिअर जात असतील आणि जोडावर 2 व्होल्ट पडत असतील, तर तिथे 40 वॉटची उष्णता सतत निर्माण होते. डिझेलच्या नळीपासून वीतभर अंतरावर अशी जागा असणे हा चार्जिंगपेक्षा मोठा धोका आहे.

दुरुस्तीपूर्वी इंजिन बंद करून बॅटरीचा मायनस आधी सोडावा. अल्टरनेटरचा जाड बोल्ट किल्ली काढल्यावरही बॅटरीशी थेट जोडलेला असतो आणि पाना तिथून बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. उलट, अल्टरनेटर चालतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची जी सवय अजूनही अनेक ठिकाणी दिसते, ती पूर्ण सोडून द्यावी. त्या क्षणी व्होल्टेज उसळून अल्टरनेटरच्या आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जाऊ शकतात. वायरमनने जुना तुकडा काढून 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, दोन्ही टोकांना दाबून थिंबल (वायर बोल्टला जोडणारे धातूचे टोक) बसवले आणि मूळ जागेवरचा मोठा फ्यूज कायम ठेवला. त्यानंतर बॅटरीवर 14.1 आले.

घाटात शिरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहून घेतली. आपल्याकडच्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो, आणि तोच बेल्ट बहुधा वॉटर पंपही फिरवतो. अशा गाडीत बेल्ट तुटला तर चार्जिंग जाते, इंजिन तापते आणि ब्रेकचे पॅडल दगडासारखे घट्ट होते. घटांगच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. बेल्ट मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबावा, त्याच्या कडा चकाकत नसाव्यात, आणि जादा बेल्ट व तो बसवण्याचे पाने गाडीत असावेत. व्हॅक्यूम पंपाचे सील गळत असेल तर ऑइल अल्टरनेटरच्या कार्बनवर (त्याच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या ब्रशवर) जाऊन चार्जिंग थांबते. तिथे नवे कार्बन टाकण्याआधी सील बदलावे लागते.

जंगलात चार्जिंग बंद पडलेच, तर डिझेल गाडी थांबवू नये. साध्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला वीज फार थोडी लागते, बहुतेक गाड्यांत डिझेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेपुरतीच, म्हणजे सोलेनॉइडपुरतीच. दोन हेडलाइट मात्र सुमारे 10 अँपिअर ओढतात, म्हणून हा प्रवास दिवसाउजेडी संपेल असाच सकाळी सुरू करावा. बेल्ट तुटला असेल किंवा इंजिन तापत असेल, तर मात्र हा नियम लागू नाही. तेव्हा पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवणेच भाग आहे.

धारणीला पोहोचल्यावर रात्री बॅटरी 12.6 वर होती आणि पहाटे 12.5 वर. रात्रीतून आकडा याहून बराच उतरला असता, तर मायनसच्या वायरमध्ये अँपिअरवर लावलेला मीटर घालून बंद गाडी किती करंट खाते ते पाहिले असते. 50 मिलिअँपिअरच्या वर गेल्यास एकेक फ्यूज काढून चोर शोधता येतो. डायोड गळका असला तरी हेच लक्षण दिसते आणि ते फ्यूज काढून सापडत नाही. तिथे मायनस सोडून, अल्टरनेटरची जाड वायर बाजूला करून आणि तिचे मोकळे टोक टेपने झाकून पुन्हा मोजावे लागते.

मीटर साधा, काही शे रुपयांचा असला तरी पुरतो. फ्यूज, थिंबल आणि दोन मीटर जाड वायर परतवाड्यातच घेऊन ठेवावी.