विष्णुपदाला होडीनं जाताय? आधी परतीचं बोला

पंढरपुरात चंद्रभागेत होडीत बसायची हौस असेल तर महाद्वार घाटावरून पुंडलिकाच्या मंदिराच्या आजूबाजूला एक फेरी मारा आणि उतरा. गोपाळपूरजवळ पात्रातच देवाच्या पावलांचं ठिकाण आहे, त्या विष्णुपदाला होडीनं जाऊ नका. जायचंच असेल तर जाऊन-येऊन ठरवा आणि परत घाटावर पाय लागल्यावरच पैसे द्या.

सोलापूर ते पंढरपूर मोहोळमार्गे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. एसटी भरपूर आहेत, रस्त्याबद्दल तक्रार नाही. दर्शनही बऱ्यापैकी लवकर झालं, त्यावर जास्त लिहीत नाही. सोबत आत्या होती. मार्गशीर्षात देव राउळात नसतो, विष्णुपदाला असतो, त्यामुळे तिथं गेल्याशिवाय वारी पुरी होत नाही, हे तिचं ठाम मत. या महिन्यात लोक डबे घेऊन तिथं वनभोजनाला जातात, त्यामुळे गर्दी असतेच. होडीवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं.

घाटावर उतरलो तसे चौघे-पाचजण मागे लागले. "या माउली, विष्णुपद, नारद मंदिर, सगळं दाखवून आणतो." माणशी शंभर, जाऊन-येऊन. होडी पात्राच्या मध्यावर गेली आणि माउली म्हणणाऱ्याचा सूर बदलला. पाणी कमी आहे, वल्ही मारायला दोघं लागतात, शिवाय मार्गशीर्ष आहे, तेव्हा दोनशे. भर पाण्यात घासाघीस काय करणार! दिले. विष्णुपदाच्या अलीकडेच गाळात होडी टेकवली, "तुमचं होईस्तोवर आलोच" म्हणाला आणि दुसरं भाडं घेऊन गेला. तास झाला, दीड तास झाला, पत्ता नाही. दुसऱ्या होडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आवो, पात्रातनं सरळ जावा की, ते काय पुंडलिक दिसतंय."

दिसतं खरं. पण जे अंतर होडीतून दहा मिनिटांचं वाटलं, ते चालताना संपता संपेना. आधी जलपर्णीचा कुजका थर, पाय टाकला की घोट्याच्या वर काळा चिखल. पुढं भाविकांनी अंघोळ करून सोडलेले कपडे गाळात अडकलेले, मधूनच काचा. या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे वाळूउपशाचे खड्डे. वरून गुडघाभर दिसणारं पाणी पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत असू शकतं. अशा खड्ड्यांत भाविक बुडाल्याच्या बातम्या आपण दर वारीला वाचतो आणि पान उलटतो. आत्याचा हात धरून, काठीनं चाचपत आलो. तुम्ही रोज पाच किलोमीटर चालणारे असलात तरी हा टप्पा चालण्याचा नाही. काठावर चढा आणि गोपाळपूरच्या डांबरी रस्त्यानं परत या. तो रस्ता तिथून जवळच आहे. त्या भल्या माणसानं तेवढं मात्र सांगितलं नाही.

पाण्याचा अंदाज घरूनच घेता येतो. उजनी धरणातून नदीत सोडलेलं पाणी याच पात्रातून खाली येतं. म्हणजे सोलापूरच्या पेपरात "उजनीतून पाणी सोडले" अशी बातमी आली की पंढरपुरात होड्या मजेत चालणार, पण पात्रात पाय घालायचा नाही. पावसाळ्यात तर विषयच नको. पूर आला की पुंडलिकाच्या मंदिराचं शिखर तेवढं वर राहतं.

होडीवाल्यांची बाजूही आहे. चार वाऱ्या सोडल्या तर धंदा बेताचा, आणि पाणी कधी येणार ते त्यांच्या हातात नाही. पुंडलिकाची पूजाअर्चा महादेव कोळी समाजाकडे आहे. नदी आणि देव दोन्ही सांभाळणारी ही माणसं. म्हणूनच भाड्याचा फलक घाटावर असायला हवा, मला कुठं दिसला नाही. दोनशेच दर असेल तर दोनशे लिहा, लोक देतील. अर्ध्या पाण्यात दर वाढवणं याला लूटच म्हणतात.

इतकं रामायण झाल्यावर घाट बघायला त्राण नव्हतं, तरी बघितले आणि तेच वसूल झालं. महाद्वार घाटाच्या जुन्या दगडी पायऱ्या, वर होळकर वाडा, अहिल्याबाईंचा. जवळच शिंद्यांचा वाडा, त्यातलं द्वारकाधीश मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं. वाड्यांचे बुरूज नदीकडे तोंड करून उभे आहेत आणि इतके पूर अंगावर घेऊन शाबूत आहेत. उलट ऑक्टोबर २०२० च्या पावसात कुंभार घाटाजवळ नव्या घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. पावसात नव्या भिंतींच्या आडोशाला थांबू नका, एवढंच सांगतो. "नमामि चंद्रभागा" हे नदी स्वच्छतेचं अभियान २०१६ मध्ये जाहीर झालं, २०२२ पर्यंत नदी निर्मळ होणार होती. माझे बूट बघितलेत तर किती झाली ते कळेल.

विष्णुपद स्वतः सुंदर आहे, त्यावर राग नाही. पात्रातल्या खडकावर दगडी खांबांचा मंडप आणि शिळेवर देवाची आणि गाईची पावलं. दुपारी उन्हातही आत गार वाटतं. फक्त रस्त्यानं जा. रिक्षा ठरवताना विष्णुपद आणि गोपाळपूर एकत्र ठरवा, थांबण्यासकट. गोपाळपूरचं गोपाळकृष्ण मंदिर उंचावर आहे, तटबंदीमुळे गढीसारखं दिसतं. जनाबाईचं जातं तिथं दाखवतात. आषाढीनंतर पौर्णिमेला काला तिथंच होतो, त्या दिवशी रिक्षाचा नादच सोडा.

सकाळी लवकर जा, सुटे पैसे ठेवा, आणि कुणी कितीही वेळा माउली म्हटलं तरी भाडं चारचौघांसमोर, घाटावरच ठरवा.