वणव्यानंतर एल्क जातात कुठे?

परतवाड्याहून मावशीचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडचं जंगल एवढं जळतं, मग ती मोठी हरणं जातात कुठे गं? आणि वर शिकारीला परवानगी कशी देतात?" इथे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्सला शेजारीही ऑगस्टात तेच विचारतात, फक्त दुसऱ्या टोकाकडून: "यंदा आमच्या शिकारीच्या जागेवर एल्क असतील का?" मी दर उन्हाळ्यात जळालेल्या जंगलात नवी रोपं मोजायला जाते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

एल्क आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण त्याहून थोराड. नर तीनशे किलोच्या पुढे जातो. एकट्या कोलोरॅडोत ते तीन लाखांच्या आसपास आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

माझे बाबा मेळघाटात वनरक्षक होते. फेब्रुवारी लागला की जाळरेषांची, म्हणजे आग अडवायला मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यांची, कामं सुरू व्हायची. तरी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी झाडाखालचा पाला पेटवायचंच, आणि बाबा रात्रभर ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत असायचे. पहाटे घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला येणारा धुराचा वास मला अजून आठवतो. आग म्हणजे वैरी, यात मला कधी शंकाच आली नाही.

मग २०२० साल आलं. १३ ऑगस्टला आमच्या पश्चिमेच्या डोंगरात कॅमेरॉन पीकचा वणवा लागला. तो डिसेंबरपर्यंत धुमसत राहिला आणि दोन लाख आठ हजार एकरांवरून फिरला. कोलोरॅडोच्या नोंदीतला सगळ्यात मोठा. ऑक्टोबरमध्ये एके दुपारी आकाश नारिंगी झालं आणि गाडीच्या काचेवर पाइनची जळालेली सुई येऊन पडली. आकार जसाच्या तसा, शिराही दिसत होत्या. बोट लावलं आणि तिची राख झाली. त्या रात्री मला वाटलं, तिथे आता जिवंत काही उरलं नसेल.

पण एल्क आगीत फारसे मरत नाहीत. १९८८ साली अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग वणव्याखाली आला. त्या परिसरात एल्क हजारोंनी होते, आणि मेलेले सापडले साडेतीनशेच्या आसपास; तेही बहुतेक धुराने गुदमरून. खरी पडझड पुढच्या हिवाळ्यात झाली. दुष्काळाने आणि आगीने चारा गेलेला, त्यात थंडी कडक. म्हणून मी मावशीला सांगते, ज्वाळांपेक्षा त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्याची काळजी कर.

पुढच्या जूनमध्ये मी पहिल्यांदा जळालेल्या उतारावर गेले. एका ठिकाणी जमिनीवर बाटलीतलं पाणी ओतलं, तर ते मुरेना. अळवाच्या पानावर थांबावं तसं थेंब थेंब होऊन घरंगळलं. फार तापलेल्या मातीत जळत्या पाल्यातला मेणचट अंश वाफ होऊन खाली उतरतो आणि थिजतो. मग पाऊस आत जात नाही. त्याच जुलैत पूदर नदीच्या दरीत अशाच उतारांवरून चिखलाचा लोंढा आला आणि माणसं गेली. अशा जागी गवतही वर्षानुवर्षं नीट धरत नाही.

तिथून पाऊण मैलावर मात्र वेगळंच चित्र होतं. आग जमिनीलगत सरकत गेलेली, मोठी झाडं काळवंडलेली पण जिवंत, आणि मधल्या उघड्या जागेत अ‍ॅस्पेन या झाडाचे गुडघाभर कोंब. अ‍ॅस्पेनचं खोड जळतं, मुळं जिवंत राहतात आणि त्यांनाच फुटवे येतात. मी मोजायला बसले तर कितीतरी कोंबांचे शेंडे खुडलेले. बाजूच्या राखेत दोन फाकांचे खूर उमटलेले होते, ताजे. एल्क परत आले होते, आमच्याआधी.

सगळं यावर ठरतं: आग कशी जळली. ठिगळाठिगळाने जळलं तर ऊन जमिनीपर्यंत पोचतं, कोवळा चारा येतो आणि लपायला शेजारी दाट झाडीही उरते. सरसकट जळलं तर चारा आला तरी आडोसा नाही.

आणि सरसकट का जळतं? १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटाना या राज्यांत दोन दिवसांत तीस लाख एकर जळालं. त्या धसक्यातून प्रत्येक आग विझवायचीच, हे धोरण आलं. १९३५ पासून तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत, असा दंडकच होता. आग न लागल्याने रान दाटत गेलं, आणि दाटलेलं रान पेटलं की सरसकट जळतं. एल्कनाही त्याचा फटका बसला. आयडाहोच्या क्लिअरवॉटर खोऱ्यात त्या जुन्या आगींनी उघड्या केलेल्या झुडपी रानावर एल्कचे मोठे कळप पोसले गेले. पुढे आग येईना, रान दाटलं, चारा आटला. त्यात एक भयंकर हिवाळा आणि लांडगे, अस्वलं. तिथल्या लोलो भागात १९८० च्या दशकाअखेरीस सोळा हजारांच्या घरात असलेले एल्क २०१० पर्यंत दोन हजारांवर आले. काही लोक सगळा दोष लांडग्यांवर टाकतात. मला ते पटत नाही. पोट भरलेल्या मादीचं पिल्लू मुळातच धडधाकट जन्मतं.

म्हणून आता झाडी विरळ करणं आणि ठरवून जाळणं चालतं. त्यातही जोखीम आहेच. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत वनखात्याने लावलेल्या आगी हाताबाहेर गेल्या आणि तीन लाख एकरांहून जास्त जळालं, लोकांची घरं गेली. ते वाचून मी कितीतरी दिवस बेचैन होते. तरीही जाळायलाच हवं असं मला वाटतं, मात्र ओल, वारा बघून आणि पुरेशी माणसं हाताशी असतील तेव्हाच. बाबासुद्धा वणवा येण्याआधी जाळरेषेवरचं गवत स्वतःच जाळायचे, हे मला फार उशिरा उमगलं.

आता परवानगीचं. परवाने कळपांची गणती बघून ठरतात. परवान्यांच्या पैशावर, आणि १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या बंदुका-काडतुसांवरच्या करावर, राज्याचं वन्यजीवांचं बरंचसं काम चालतं. वणव्याच्या काळात जंगलच बंद असतं; सप्टेंबरातला धनुष्यबाणाचा हंगाम २०२० मध्ये अनेकांचा बुडाला. शेजाऱ्याला मी एवढंच सांगितलं: आडोसा गेलाय, तेव्हा रस्त्याजवळ बसू नकोस, एल्क रस्त्यापासून लांब राहतात. जळालेल्या भागातले काही रस्ते हंगामात बंद ठेवावेत यावर आमचा वाद होतो. मी बंदच्या बाजूने आहे.

गेल्या सप्टेंबरात तो शेजारी आणि मी त्या जळालेल्या भागात गेलो. मेलेली झाडं आता आडवी पडायला लागलीत, एकावर एक. वारा सुटला की खाली थांबायची सोय नाही. शंभर पावलांना अर्धा तास लागला आणि आम्ही मागे वळलो. तेवढ्यात त्या पडझडीच्या आतून नराची हाक आली, खर्जातून चढत चढत बारीक शीळ झालेली. शेजारी खांद्यावरचं धनुष्य तसंच ठेवून ऐकत उभा राहिला. मी फोन काढून ते रेकॉर्ड केलं आणि मावशीला पाठवलं.