बाबांचं माकडहाड आणि ग्रीक पावशा

जूनमध्ये बाबा मागल्या दारी घसरले. चिऱ्याच्या पायऱ्या, त्यावर पहिल्या पावसाचं शेवाळ, आणि आई रोज ओरडत असते की विहिरीकडे जाताना ती गुळगुळीत झालेली स्लिपर घालू नका, पण ऐकणार कोण. बसलेच धपकन. दोन दिवस खोबरेल तेल चोळणं आणि गरम पाण्याचा शेक चालला, तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना तोंड वाकडं व्हायला लागलं तेव्हा गाडी करून कणकवलीला नेलं. एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही, डॉक्टरांनी मधे भोक असलेली उशी आणि गोळ्या लिहून दिल्या, आणि कागदावर वरती एकच शब्द लिहिला, कॉक्सिडायनिया.

झालं. घरी येईपर्यंत आईचा चेहरा उतरलेला, कारण तिला त्यातलं फक्त ‘डाय’ ऐकू आलं आणि शेजारच्या वाडीतल्या एकांचं डायलिसिस चालू आहे ते आठवलं. मी पतसंस्थेत नोकरीला, बीकॉम, सायन्सचा आणि माझा संबंध दहावीत संपला, पण अख्ख्या भावकीचे रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअपवर येतात कारण मला इंटरनेटवर शोधता येतं. तर शोधलं. कॉक्सिक्स म्हणजे माकडहाड आणि ओडिनी म्हणजे ग्रीक भाषेत वेदना. एवढंच.

बाबा म्हणाले, "म्हणजे माकडहाड दुखता, ह्याच ना? ह्या तर मी दोन दिवस सांगतंय!"

त्या दिवसापासून मला नाद लागला. रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, मेडिकलमधल्या भिंतीवरची पोस्टरं, जे दिसेल ते फोडून बघायचं. आणि लक्षात आलं की हे शब्द आपल्या आडनावांसारखे आहेत. मालवणकर, आचरेकर, वेंगुर्लेकर. शेवटचा ‘कर’ ओळखीचा असला की पुढे फक्त गाव कुठलं ते बघायचं, गाव माहीत नसलं तरी आडनाव आहे एवढं तरी कळतंच ना. तसंच इथे. शब्द शेपटीकडून वाचायचा. शेवटी आयटिस आलं म्हणजे सूज, मग पुढचं गाव शोधा: आर्थ्रॉन म्हणजे सांधा, गॅस्टर म्हणजे पोट, हेपार म्हणजे यकृत. आर्थ्रायटिस, गॅस्ट्रायटिस, हेपटायटिस, सगळे एकाच भावकीतले.

आणि गंमत म्हणजे या आयटिसचा मूळ अर्थ सूज नव्हताच. ग्रीकमध्ये ते आपल्या ‘ची’ सारखं नुसतं जोडणारं शेपूट होतं. पूर्ण म्हणायचे ते ‘आर्थ्रायटिस नोसोस’, म्हणजे सांध्यांची व्याधी. नोसोस म्हणजे आजार, आणि तो शब्द ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी, आपली व्याधी पण ती व्याधीच. मग बोलता बोलता ‘व्याधी’ गळून गेली आणि ‘सांध्यांची’ एवढंच उरलं, आणि पुढे डॉक्टर लोकांनी त्या शेपटाला सूज हा अर्थ पक्का केला. आपण नाही का म्हणत, "तिची पिशवीची झाली", ऑपरेशन हा शब्द न उच्चारता सगळ्या बायकांना बरोबर कळतं.

पिशवीवरून आठवलं. काकूच्या फाईलवर हिस्टरेक्टॉमी लिहिलेलं. हिस्टेरा म्हणजे गर्भाशय, ‘एक्’ म्हणजे बाहेर, टॉमी म्हणजे कापणं, कापून बाहेर काढणं. तर एक्टॉमी आलं की काहीतरी काढून टाकलं, नुसतं टॉमी आलं की फक्त कापून उघडलं, आणि ऑस्टॉमी आलं की तोंड पाडलं, स्टोमा म्हणजे तोंड. एका अक्षराचा फरक, पण पेशंटला केवढा तरी! मुतखड्यावरची पीसीएनएल आता सगळ्यांना माहीत असते, तिचं पूर्ण नाव परक्युटेनियस नेफ्रोलिथॉटॉमी, बघूनच घाम फुटतो, पण सुरमईसारखे तुकडे केले की पर म्हणजे मधून, क्युटिस म्हणजे त्वचा, नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड, लिथॉस म्हणजे दगड, टॉमी म्हणजे कापणं. कातडीतून आत शिरून मूत्रपिंडातला खडा काढणं. सगळी गोष्ट नावातच सांगितलीय.

मग किडनीला कधी नेफ्रो आणि कधी रीनल का? कारण एक ग्रीक आणि एक लॅटिन. साधारण असं दिसतं की अवयवांची नावं बरीचशी लॅटिन आणि आजार-ऑपरेशनांची ग्रीक, पण नियम काही घट्ट नाही. मासा एकच, आमच्याकडे मोरी म्हणतात आणि मुंबईकडे मुशी, बाजारात दोन्ही माहीत असलेलं बरं.

आता माझी फजिती. मावशीचा थायरॉईडचा रिपोर्ट आला, टीएसएचच्या पुढे ठळक अक्षरात हाय. मी नुकताच शहाणा झालेलो, हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. लगेच व्हॉइस मेसेज टाकला की मावशी तुला हायपरथायरॉईड आहे, यात वजन उतरतं, धडधडतं, जप. मावशीचं वजन वर्षभरात सात किलो वाढलेलं. तिने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरांनी निदान केलं हायपोथायरॉईडिझम. कारण टीएसएच हा मुळी थायरॉईडचा हार्मोन नाही, तो मेंदूच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीतून थायरॉईडला काम कर म्हणून सांगायला येतो. गडी आळशी असला की मुकादम जास्त ओरडतो, तसं थायरॉईड मंद असलं की टीएसएच चढतो. शब्द फोडता आला म्हणजे रिपोर्ट वाचता आला असं नाही हे मला तेव्हा कळलं, आणि मावशीला आधीपासून माहीत होतं.

पण त्या हायपर-हायपोनेच मला पुढचं सापडलं. हायपर म्हणजे वर, आणि संस्कृतमध्ये उपरि. हायपो म्हणजे खाली, आणि आपला उप. एकाच मुळातून फुटलेले शब्द! मग मी वहीच केली. दात म्हणजे दंत, लॅटिनमध्ये डेन्स, त्यावरून डेंटिस्ट. गुडघा म्हणजे जानु, लॅटिनमध्ये गेनू. अस्थि, आणि ग्रीकमध्ये ऑस्टिऑन, आईच्या त्या ऑस्टिओपोरोसिसमधलं ऑस्टिओ. पेरी म्हणजे आपला परि, परिसर परिक्रमामधला, हृदयाभोवतीचं आवरण ते पेरिकार्डियम. दुष्काळ दुर्गंधमधला दुस् म्हणजे त्यांचा डिस, आतड्यांचं बिघडलं की डिसेंट्री. अॅनिमियातला अन् म्हणजे अनावश्यकमधलाच अन्, नसणं, रक्त नसणं. म्हातारपणाची ती जरा, आणि ग्रीकमध्ये गेरॉन म्हणजे म्हातारा, त्यावरून जेरिअॅट्रिक्स. आणि माझ्या सगळ्यात आवडीचं यकृत, लॅटिनमध्ये येकुर, ग्रीकमध्ये हेपार, तिघंही एकाच घरातले पण हेपारने बघा तोंडवळा किती बदललाय.

हे वहीतलं एक पान फोटो काढून ग्रुपवर टाकलं तर लगेच एकांचा रिप्लाय, बघा सगळं आपल्याकडूनच चोरलंय. नाही हो. विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्यात भाषणात सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एखाद्या समान मुळातून निघालेल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलंही नसेल. म्हणजे चुलत भावंडं. पणजोबांचं घर पडलं, चिरे तिघांच्याही घरात लागले. शिवाय दिसायला सारखे म्हणून नातेवाईक असंही नसतं. डायबेटिस मेलिटसमधला मेल म्हणजे मध, मला वाटलं मधु आणि मेल एकच, तर नाही, मधुचा भाऊ ग्रीकमधला मेथू म्हणजे दारू, तोच पुढे मिथाइल अल्कोहोलमध्ये जाऊन बसला. नातं नसलं तरी कल्पना मात्र तीच, लघवी गोड. आपण मधुमेह म्हटलं, आणि टॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने सतराव्या शतकात ही लघवी मधासारखी गोड असते असं लिहिलं, आता त्याला ते कसं कळलं हे जेवताना सांगू नये.

नात्यापेक्षा मला हे जास्त आवडतं, की दोन ठिकाणच्या माणसांनी एकाच अवयवाकडे बघून काय म्हटलं. गुडघ्यावरच्या हाडाला आपण वाटी म्हणतो, पॅटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली. भांडं दोघांनाही दिसलं. मसल हा शब्द मुस्क्युलस वरून, म्हणजे उंदराचं पिल्लू, दंड वळवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं रोमन लोकांना दिसलं. आणि आपल्याला? बेटकुळी! बेडकी! शाळेत शर्टाची बाही वर करून "बेटकुळी काढून दाखव" म्हणायचो तेव्हा कुठे माहीत होतं. पावसात चार महिने बेडूक ऐकणाऱ्या माणसांना दंडात बेडूकच दिसणार म्हणा.

कॅन्सरचं सगळ्यांना माहीत असतं, खेकडा. ग्रीकमध्ये कार्किनॉस, त्यावरून कार्सिनोमा, लॅटिनमध्ये कॅन्सर, आपल्याकडे कर्क रास आणि कर्करोग. गेलन नावाच्या जुन्या वैद्याने लिहून ठेवलंय की गाठीच्या भोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात. आमच्याकडे अवसेच्या आसपास भरलेल्या कुर्ल्या येतात, आई धुवायला परातीत टाकते, एखादी जिवंत असते आणि ती परातीच्या कडेला पाय रोवून अशी काही घट्ट बसते की ओढून निघत नाही, नांगी तुटते पण सोडत नाही. आजीच्या वेळी आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारायचं नाही, ‘मोठा आजार’ म्हणायचे. ती परात बघितली की मला वाटतं ज्याने कोणी पहिल्यांदा हे नाव ठेवलं त्याने खेकडा हातात धरलेला होता.

फसवे शब्दही आहेत. ओमा शेपूट दिसलं की लोक घाबरतात पण लिपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ, माझ्या स्वतःच्या पाठीवर एक आहे. पेड म्हणजे पाय असं धरून चाललात तर ऑर्थोपेडिक म्हणजे पाय सरळ करणारा वाटेल, पण तिथला पेड म्हणजे ग्रीक पाइस, लहान मूल. 1741 मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरने मुलांची वाकडी हाडं सरळ करण्याबद्दल पुस्तक लिहिलं तेव्हा हा शब्द काढला, सरळ मूल. आता सत्तर वर्षांचे बाबा त्या ‘सरळ मूल’ डॉक्टरांकडे जातात. आणि इडिओपॅथिक! इडिओस म्हणजे स्वतःचं, पॅथॉस म्हणजे दुखणं, आपलं आपण झालेलं दुखणं. म्हणजे कारण सापडलेलं नाही. पण मराठीत "कशामुळे झालंय कळत नाही" लिहिलं तर पेशंट दुसरा डॉक्टर शोधेल.

कॉक्सिक्सचं सांगायचं राहिलं. आपण माकडहाड म्हणतो कारण शेपूट जिथे असती ती जागा. ग्रीक लोकांना ते छोटं वाकडं हाड ककूच्या चोचीसारखं दिसलं, कोकिळेच्या भावकीतला पक्षी, त्यांच्या भाषेत कोक्किक्स. आणि आपला पावशा, तो पण त्याच भावकीतला, त्याचं शास्त्रीय नाव हायरोकॉक्सिक्स व्हेरियस. हायराक्स म्हणजे ससाणा, म्हणजे ससाण्यासारखा दिसणारा ककू. बाबांच्या कागदावरचं कॉक्सिक्स पावशाच्या नावात!

हे मला कळलं त्या संध्याकाळी बाबा पडवीत भोकाच्या उशीवर बसलेले, पाऊस थांबलेला, आणि समोरच्या फणसावरून तोच ओरडत होता, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा. मी धावत जाऊन सगळं सांगितलं, चोच, ग्रीक, ससाणा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग फणसाकडे बघून म्हणाले,

"तो पेर्ते व्हा म्हणता, पण माका वाकाक खंय येता!"