डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?

या वेळी इंग्लंडहून रजेवर कोल्हापूरला आले तेव्हा आप्पांची कंबर धरलेली होती आणि डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय, म्हणजे मोठ्या चुंबकाच्या यंत्रात घेतलेले शरीराच्या आतले चित्र, काढून आणायला सांगितले होते. सेंटरवर गर्दी होती. तेथे मिळालेला फॉर्म माझ्या धाकट्या भावाने बाकावर बसल्याबसल्या भरला, आणि हृदयात पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप बसवली आहे का, शरीरात कोठे धातूचा तुकडा आहे का, अशा सगळ्या प्रश्नांपुढे एका दमात ‘नाही’ लिहून आप्पांची सही घेतली. आप्पांनी शिवाजी उद्यमनगरात ३१ वर्षे लेथ आणि ग्राइंडर चालवला आहे. माझ्या लहानपणी अधूनमधून एखाद्या संध्याकाळी ते एक डोळा लाल करून घरी येत, आणि ‘कण गेला होता, शेजारच्या मिस्त्रीनं काडीला कापूस लावून काढला’ एवढेच सांगून जेवायला बसत. तो कण पूर्ण निघाला की नाही, हे कोणीही पाहिलेले नव्हते. मी फॉर्म परत मागून घेतला.

तेथील तंत्रज्ञ तरुण होता आणि समजूतदारही होता. त्याने रेडिओलॉजिस्टना विचारून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला, त्यात काही आढळले नाही, आणि मगच आप्पा आत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारले, “तुमी तिकडं बी असंच इचारत बसता काय?” तिकडे मी बराच वेळ हेच विचारत बसते आणि त्याचाच पगार घेते, हे त्यांना सांगताना लक्षात आले की माझ्या कामाविषयी घरात कोणालाच नीटसे ठाऊक नाही. आईच्या मते मी ‘फोटो काढते’.

मी इंग्लंडमध्ये शेफिल्ड येथील एका रुग्णालयाच्या एमआरआय विभागात काम करते. शेफिल्ड हे पोलादाचे गाव आहे. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली स्टेनलेस स्टीलचा शोध लावला तो याच गावात. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या वयस्क रुग्णांपैकी अनेकांचे आयुष्य भट्टीपाशी किंवा सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याच्या दगडापाशी गेलेले असते, आणि त्यांचे हात पाहिले की मला आमच्या गल्लीतील फौंड्रीवाले आठवतात. (या गावात परक्या माणसालाही ‘लव्ह’ म्हणून हाक मारण्याची रीत आहे, पहिल्या आठवड्यात ऐंशी वर्षांच्या आजोबांनी मला तशी हाक मारली, तेव्हा मी इतकी गोंधळले की त्यांची जन्मतारीख विचारायचीच राहिली.) सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका निवृत्त कामगाराला मी छापील प्रश्न वाचून दाखवला, की आपल्या डोळ्यात धातूमुळे कधी इजा झाली आहे का. ते ठामपणे ‘नाही’ म्हणाले. मला आप्पा आठवले, म्हणून मी शब्द बदलून विचारले की काम करताना डोळ्यात कण गेला आणि कोणीतरी काढून दिला, असे कधी झाले होते का. ते हसले आणि म्हणाले, “ते तर दर आठवड्याला व्हायचं.” त्यांच्या लेखी ती इजा नव्हती, तो कामाचा भाग होता. त्यांचाही आधी डोळ्यांचा एक्स-रे झाला.

या एका प्रश्नाला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी यंत्राविषयी थोडे सांगावे लागेल. आमचे यंत्र १.५ टेस्लाचे आहे, म्हणजे त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट आहे. ३ टेस्लाची यंत्रेही आता सर्रास वापरली जातात. हे चुंबकत्व नायोबियम-टायटॅनियमच्या तारांच्या वेटोळ्यांतून अखंड फिरणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे निर्माण होते, आणि त्या तारांचा विद्युतरोध नाहीसा व्हावा म्हणून त्यांना द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सियसला ठेवलेले असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की चुंबक कधीही बंद नसतो. दिवे मालवले, संगणक बंद केला, रात्री दोन वाजता विभागाला कुलूप लावले, तरी तो चालूच असतो, आणि त्याची ओढ हळूहळू वाढत नाही. दारात जाणवतसुद्धा नाही आणि रुग्णाला आत सरकवतात त्या यंत्राच्या बोगद्याच्या तोंडाशी पोचताच माणसाच्या हातातली वस्तू हिसकावून घेते. ‘मशिन बंद आहे, आणा आत’ या एका वाक्याने जगभर माणसे दगावली आहेत. २००१ साली न्यूयॉर्क राज्यात ऑक्सिजनचा सिलिंडर यंत्रात ओढला जाऊन सहा वर्षांचा एक मुलगा गेला, आणि जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक गेला. मुंबईची ती बातमी आली तेव्हा मी कोल्हापुरातच एमआरआयवर काम करत होते, आणि त्या दिवसापासून आमच्या खोलीच्या दारात कोणी उभे राहिले तरी मी आधी त्याचे हात पाहते.

डोळ्यातला बारीक कण सिलिंडरसारखा उडत नाही, पण बुबुळाच्या मागे रुतलेला असला तर जागच्या जागी फिरू शकतो, आणि तेवढ्याने दृष्टी जाऊ शकते. पेसमेकरचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. पूर्वी पेसमेकर असलेल्या रुग्णाला सरसकट नाही म्हणत असत. आता काही पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, म्हणजे इतक्याच टेस्लाचे यंत्र, स्कॅनसाठी यंत्र सोडते त्या रेडिओलहरींची इतकीच उष्णता, आणि स्कॅनपूर्वी पेसमेकरची सेटिंग बदलून घेतलेली. त्यासाठी रुग्णाजवळचे कार्ड मागून, उत्पादकाचे नाव आणि मॉडेल क्रमांक शोधून, त्या अटी वाचाव्या लागतात, आणि कार्ड सापडले नाही तर रुग्ण कितीही लांबून आलेला असला तरी त्याला परत पाठवावे लागते. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘अर्जंट’ लिहिलेले असतानाही ‘नाही’ म्हणणे, हा माझ्या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो कोणत्याही बटणाशी संबंधित नाही.

कोल्हापुरात शिकले त्या कितीतरी गोष्टी इंग्लंडमध्ये वेगळ्या रूपात भेटतात. आपल्याकडे बायकांच्या बांगडीला आणि मंगळसूत्राला सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात, त्या मोजून काढून घ्याव्या लागत. येथे केसांतले चाप आणि दंडावरच्या औषधी पट्ट्या पाहाव्या लागतात, कारण काही पट्ट्यांच्या आत धातूचा पातळ पत्रा असतो आणि तो तापून कातडी भाजते. सोने-चांदी चुंबकाला ओढली जात नाही, त्यामुळे बोटातून न निघणारी सोन्याची अंगठी आम्ही अनेकदा तशीच राहू देतो, ही गोष्ट गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, गावात कोल्हापुरात सांगितली तर कोणाला पटेल की नाही, शंका आहे. मात्र एक गोष्ट आपल्या माणसांना आवर्जून सांगावीशी वाटते. बोगद्यात गेल्यावर भीतीने देवाचे नाव घेत हात जोडू नका. तळहात एकमेकांना टेकले की दोन्ही हात आणि छाती मिळून एक बंद वर्तुळ तयार होते, त्यातून रेडिओलहरींमुळे विद्युतप्रवाह वाहू शकतो, आणि जेथे कातडी टेकलेली असते तेथे भाजू शकते. येथे मुलाकडे राहायला आलेल्या एका मराठी आजींना मी हे मराठीत सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मनातल्या मनात जोडले तर चालतील ना?” चालतात. त्यांनी पंचवीस मिनिटे तो सगळा खडखडाट हूं की चूं न करता सोसला. मला स्वतःला त्यातला एक आवाज हलगीसारखा वाटतो, पण हे मत विभागात इतर कोणाचे नाही.

आता पात्रतेविषयी. आप्पांचा एमआरआय झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे शेजारी, फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, करणारे काका, बारावी झालेल्या मुलीला घेऊन आले आणि म्हणाले, “बाळ, तुझा हा कोर्स किती महिन्याचा असतोय?” मी चार वर्षे म्हणाले, तेव्हा ते थोडे हिरमुसले, कारण कोणीतरी त्यांना सहा महिन्यांत एमआरआय शिकवून नोकरी लावून देण्याचे कबूल केले होते. सहा महिन्यांत यंत्र चालवता येते, याविषयी माझा वाद नाही. परंतु भारतात २०२१ साली संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, आणि त्यातील तंत्रज्ञाच्या व्याख्येत किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारे शिक्षण धरलेले आहे. परदेशाचे दार तर त्याहून अरुंद आहे.

ब्रिटनमध्ये ‘एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट’ अशी स्वतंत्र नोंदणीच नाही. येथे ‘रेडिओग्राफर’ हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे, आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, या संस्थेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ते लावता येत नाही. इंग्लंडमधील मुले त्यासाठी तीन वर्षांची पदवी घेतात. बाहेरून येणाऱ्याच्या अभ्यासक्रमाची आणि अनुभवाची तुलना याच पदवीच्या अपेक्षांशी केली जाते, आणि त्या अपेक्षांत एक्स-रे आणि सीटी हे सर्व येते. म्हणूनच ज्याने पदविकेनंतर दहा वर्षे केवळ एमआरआयवर काम केले, त्या निष्णात माणसाचा अर्ज अडू शकतो, आणि ज्याने चार वर्षे सगळीकडे थोडेथोडे काम केले त्याचा पुढे सरकतो. मला स्वतःला कोल्हापुरात रात्रपाळीचे एक्स-रे काढणे शिक्षेसारखे वाटत असे. अर्ज भरताना त्याच पाळ्या कामी आल्या. शिवाय आल्याआल्या मला एमआरआय मिळालाही नाही. आधी कित्येक महिने साधे एक्स-रे केले, मग या विभागात आले, आणि तेथेही सुरक्षेचे प्रशिक्षण होऊन अधिकृत व्यक्तींच्या यादीत माझे नाव लागेपर्यंत चुंबकाच्या खोलीत मला एकटीने जाता येत नव्हते.

कागदपत्रांनी मात्र जीव नकोसा केला. पदवीच्या प्रत्येक विषयाला किती तास शिकवले आणि रुग्णालयात किती तास काम करून घेतले, याचे शिक्क्यानिशी पत्र हवे होते. माझ्या महाविद्यालयाने ते द्यायला सात महिने लावले, कारण मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला होता आणि जुन्याची प्रत कार्यालयात कोणाकडेच नव्हती. शेवटी ती एका वर्गमैत्रिणीच्या माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. इंग्रजीसाठी आयईएलटीएस शैक्षणिक परीक्षेत एकूण ७ आणि कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, असे गुण लागतात. मी लेखनात ६ वर अडकले आणि परीक्षा पुन्हा दिली.

सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नवा रेडिओग्राफर बँड ५ या वेतनश्रेणीवर लागतो आणि एमआरआयमध्ये तयार झाला की सहसा बँड ६ वर जातो. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमध्ये बँड ६ चे वार्षिक वेतन ३८,६८२ ते ४६,५८० पौंड होते. त्यातून कर, निवृत्तिवेतनाचा हप्ता आणि घरभाडे गेल्यावर काय उरते हे न विचारता याला रुपयांनी गुणू नये, एवढे मी काकांना सांगितले. एचसीपीसीची नोंदणी दर दोन वर्षांनी नव्याने करावी लागते आणि शिक्षण चालू असल्याची नोंद ठेवावी लागते. अमेरिकेची रीत निराळी आहे. तेथे एआरआरटी या संस्थेची एमआरआयसाठी स्वतंत्र परीक्षा आहे, पण त्याआधी त्यांनी मान्य केलेला शिक्षणक्रम आणि किमान असोसिएट पदवी लागते, त्यामुळे आपल्याकडून थेट परीक्षेला बसण्याचा मार्ग सोपा नाही. आखाती देशांत पदवी आणि अनुभवाची कागदोपत्री पडताळणी होते आणि परीक्षा असते; माझे दोन सहकारी त्या वाटेने गेले आणि सुखात आहेत.

काकांच्या मुलीला मी एवढेच सांगितले की कोर्सच्या नावात एमआरआय आहे की नाही हे पाहू नये, पदवी आहे का आणि मोठ्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम किती तास आहे हे पाहावे, आणि पहिल्या दिवसापासून अभ्यासक्रमाची प्रत व सह्यांची वही जपून ठेवावी. ती वहीत लिहून घेत होती. काका मात्र अजून डोळ्यातल्या कणापाशीच होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “लाकडाचा कण गेला असला तर चालतंय न्हवं?”

चालते, मी म्हणाले, लाकडाला चुंबक ओढत नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून, पाठ शेकत पडलेल्या आप्पांचा आवाज आला, “आणि पॅटर्नला खिळं कोण ठोकतंय?”