नान्नजच्या माळावर पक्षी मोजायला जाताय? आधी कुसळांचं बघा

माळढोक दिसेल म्हणून नान्नजला जाणार असाल तर राहू द्या. १९७९ साली अभयारण्य झालं ते त्याच्यासाठीच, पण आता तो दिसणं म्हणजे लॉटरी. जीपवाला "परवाच दिसला की" म्हणेल. सोलापुरातून निघतानाच थांबण्याच्या तासांसकट भाडं ठरवा, नाहीतर परतीला "वेटिंग"चे पैसे वेगळे निघतात. चंडोल, धाविक, माळटिटवी आणि भोवत्या हा शिकारी पक्षी, यांच्यासाठी जा. त्यात पैसे वसूल आहेत.

डिसेंबरात माळावरचा वाळल्या गवताचा पट्टा मात्र वैताग आहे. कुसळं लोकरी मोज्यांतून आरपार जातात, पायाला टोचत राहतात आणि माणूस वर बघायचं सोडून खाली बघत चालतो. म्हणजे त्या पट्ट्यातली मोजणी हमखास कमी येते. मोज्यांवर घट्ट विणीचं नायलॉन गुंडाळा किंवा बैलगाडीची वाट धरा. वाट धरली तर यादीच्या टिपणीत तसं लिहा.

गावातली पोरं आणि मेंढपाळ बरोबर घ्याच, नजर त्यांची. पण ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या अॅपवर, यादी एकानेच करायची आणि बाकीच्यांना शेअर करायची. पाच फोनवर पाच वेगळ्या याद्या गेल्या की एकाच थव्यातले ३० चंडोल १५० होतात. अॅपमधला भारताचा पॅक (इथल्या पक्ष्यांची तयार यादी) आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवा, माळावर रेंजच्या भरवशावर राहू नका. यादी चालू करून फोन विमान मोडवर टाका. जीपीएस चालतं, बॅटरी टिकते. त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकदाच धरा. नान्नजचा माळ आणि हिप्परग्याचा तलाव एका यादीत कोंबू नका, ती यादी अभ्यासाला बाद. आकड्याच्या जागी एक्स टाकणं म्हणजे आळस. अंदाज का होईना, आकडा द्या. ओळखलेली प्रत्येक जात यादीत असेल तरच "पूर्ण यादी"ला हो म्हणा. फक्त भारी पक्षी लिहिले असतील तर सरळ नाही.

भोवत्याची मादी लांबून दिसली आणि कुणी छातीठोकपणे "पांडुर" म्हणालं तर ऐकू नका. पांडुर आणि माँटेग्यू या भोवत्याच्या दोन जातींच्या माद्या उडताना भल्याभल्यांना चकवतात. नुसतं "भोवत्या" लिहिण्यात कमीपणा नाही.

मेंढपाळ लांडग्याची गुहा दाखवतील. तिचा फोटो आयनॅचरॅलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या साइटवर, टाकायचाच असेल तर जागा झाकून टाका, आणि व्हॉट्सअॅपवर लोकेशन तर अजिबात नको.

तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परग्याचं सगळं सोपं: सावली, चहा, बसल्या जागी पाणपक्षी. दहा-दहाचे गट करून मोजा. घोळ होतो तो नावांचा. एक पोरगं "वारकरी" लिहितं, दुसरं "चांदवा", आणि एकच पक्षी दोन ओळींत दोनदा मोजला जातो.