चाळिशी, दोरा आणि पुढची माशी : आमची वाटचाल

आमच्या डोळे तपासायच्या खोलीत एक लाकडी रिव्हॉल्व्हर आहे. हाताला बसणारी मूठ, सहा इंची नळी, टोकाला पोलादी माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, आणि ती जिच्यातून पाहायची ती मागे चौकोनी खाच. त्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही, पण आमचा निम्मा धंदा त्याच्याच जिवावर चालतो. या खोलीत खरं शस्त्र आणायचं नाही, हा आमचा पहिला नियम. आणि नेम धरायला लावल्याशिवाय नेमबाजाचा नंबर काढता येत नाही, हा आमचा पहिला धडा. दोन्ही सांभाळायचं तर लाकूड तासण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सुरुवात झाली ती माझा नेम बिघडला तेव्हा. ताई डोळे तपासायची, मी भिंगं घासायचो, असा आमचा साधा चष्म्याचा धंदा. सुट्टीच्या दिवशी मी २५ मीटरवर रिव्हॉल्व्हर चालवायचो. शेचाळिशीच्या आसपास गुण घसरायला लागले. आधी मी काडतुसांना दोष दिला, मग मुठीला. मूठ दोनदा बदलली, ट्रिगरची स्प्रिंगही बदलून पाहिली. शेवटी एका संध्याकाळी ताईने विचारलं, "माशी दिसते का रे तुला?"

"दिसते की."

"तिच्या कडा दिसतात?"

यावर मी गप्प बसलो. दिवसभर लोकांची चाळिशी दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःची चाळिशी लागलेली कळली नव्हती.

रिव्हॉल्व्हरने नेम धरताना डोळ्यासमोर तीन गोष्टी असतात. हात सरळ केला की मागची खाच साधारण अर्ध्या मीटरवर, माशी त्याच्या पुढे वीतभर, आणि निशाण थेट २५ मीटरवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो. तरुणपणी डोळ्यातलं भिंग इतकं लवचीक असतं की तो या तिघांवरून झरझर फिरतो आणि तिन्ही एकदमच दिसतात असं वाटतं. वय वाढतं तसं ते भिंग ताठर होत जातं. चाळिशीत ४-५ डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर याच मापात असतो) फिरण्याची ताकद उरते, साठीत जेमतेम १.

मग तिघांपैकी कोणाला निवडायचं? लोकांना वाटतं निशाणाला. आम्ही त्यांना एक हिशेब करून दाखवतो. खाच आणि माशी यांच्यात २० सेंटिमीटर अंतर धरा. माशी खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी १२५ मिलिमीटर सरकते. निशाणाचा काळा गोल २०० मिलिमीटर व्यासाचा आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. म्हणजे मधोमध जाणारी गोळी एका मिलिमीटरच्या चुकीने काळ्याच्या बाहेर, थेट सहाच्या कडेवर. उलट माशी-खाचेची जोडी जुळलेली राहून अख्खा हात निशाणावर सेंटिमीटरभर भरकटला, तर गोळीही सेंटिमीटरभरच भरकटते. निशाण धूसर दिसलं तरी निभावतं, माशी धूसर झाली की संपलं. हा हिशेब ऐकून माना सगळे डोलावतात. आणि चष्मा घातल्यावर पहिलं वाक्य येतं, "अहो, गोल पुसट दिसतोय!"

माझा पहिला प्रयोगही फसलाच. वाचनाचा चष्मा लावून मी मैदानावर गेलो. तो नंबर पुस्तकाच्या अंतराचा, त्यामुळे मागची खाच अगदी कोरीव दिसली, माशी जरा मऊ, आणि काळ्या गोलाचा ढग झालेला. मग माशीच्या अंतराचा अचूक नंबर घासून घेतला. माशी सत्तर सेंटिमीटरवर असेल तर दूरच्या नंबरात साधारण १.४ डायॉप्टरची भर. माशी लखलखीत झाली, पण काळा गोल आता इतका विरघळला की नेम धरताना गोल आणि माशी यांच्यामध्ये पांढरी पट्टी किती सोडली हेच कळेना. पुढे ताईने जे केलं ते आजही आमच्या कामाचा पाया आहे. भर निम्मी करायची. दूरच्या नंबरात ०.७५, कधी ०.५०. माशीला थोडं झुकतं माप मिळतं, निशाणही पार बुडत नाही आणि राहिलेलं काम बुबुळातलं छिद्र, म्हणजे बाहुली, निभावून नेतं. ही आमची शोधलेली युक्ती नाही. नेमबाजांचे चष्मे करणारे जगभर हेच करतात. आम्हाला ती कळायला वर्ष लागलं, एवढंच.

मैदानावरच्या दोघातिघांनी माझा चष्मा घालून पाहिला आणि पहिल्या ऑर्डरी आल्या. त्यातल्या बऱ्याच परतही आल्या, कारण आम्ही अंतर विचारून घेत होतो. "माशी डोळ्यापासून किती लांब?" या प्रश्नाला प्रत्येक जण "हातभर" म्हणतो. आणि हातभर म्हणजे एकाचं ६० सेंटिमीटर तर दुसऱ्याचं ८५. दोन्ही हातांनी धरणाऱ्याचे कोपर वाकतात, एका हाताने धरणाऱ्याचा हात पूर्ण ताणतो. आता आम्ही दोरा मागतो. नेहमीसारखं उभं राहायचं, रिकामं आणि तपासलेलं शस्त्र किंवा तेवढ्या लांबीची काठी धरायची, आणि दुसऱ्या कुणीतरी डोळ्याच्या कोपऱ्यापासून माशीपर्यंत दोरा धरून गाठ मारायची. तो दोरा पाकिटात घालून पाठवायचा. आमच्याकडे दोऱ्यांचा एक डबाच साठला आहे. ताई त्यावर चिठ्ठ्या लावते. मी एकदा तो आवरायला काढला तेव्हा बोलणी खाल्ली.

दुसरी मोठी चूक चौकटीची. रोजच्या चष्म्यात भिंगाचा मध्य समोर पाहताना बुबुळापुढे येतो. एका हाताने नेम धरणारा माणूस तिरपा उभा राहतो, त्याची मान पूर्ण वळत नाही आणि डोळा भिंगाच्या कानाकडच्या कडेतून पाहतो. हनुवटी खाली झुकली की वरच्या कडेतून. ४ डायॉप्टरच्या भिंगात मध्यापासून ५ मिलिमीटर बाजूने पाहिलं तरी २ प्रिझमचा सरकाव येतो, म्हणजे समोरची वस्तू जागेवरून थोडी सरकलेली दिसते, आणि तिरक्या पाहण्याने धूसरपणा वाढतो तो वेगळाच. एकाच भिंगात दूरचा-जवळचा दोन्ही नंबर असलेल्या प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्यांचे हाल तर विचारूच नका. जवळचा नंबर खाली, नेम वरून. नाक वर करून नेम धरणारे मी पाहिले आहेत, कोंबडा आरवायला निघाल्यासारखे. म्हणून आम्ही एकच गोल भिंग, हवं तिकडे सरकवता-फिरवता येणाऱ्या चौकटीत बसवायला लागलो. दुसऱ्या डोळ्यापुढे अर्धपारदर्शक पडदी. तो डोळा मिटून ठेवला की उघडाही ताणला जातो. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात ही पडदी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, त्यामुळे आम्ही तेवढीच कापतो. त्याच नियमांत पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर भिंग किंवा दुर्बीण बसवता येत नाही, चष्मा मात्र चालतो. आमचं पोट त्या एका वाक्यावर आहे म्हणा ना.

चष्म्यापुढे लावायची, छिद्र लहान-मोठं करता येणारी आयरिसही आम्ही विकतो, पण हात आखडूनच. छिद्र लहान केलं की जवळचं-लांबचं दोन्ही सुधारतं, म्हणून लोक ते आवळतच जातात. एक मिलिमीटरच्या खाली गेलं की प्रकाशच पसरतो आणि मिळवलेलं सगळं परत जातं. शिवाय वयाबरोबर बाहुली आपोआप लहान होते, डोळ्यात उजेड आधीच कमी शिरतो. गडद काचांचंही तसंच. काच गडद, तर बाहुली मोठी, आणि बाहुली मोठी, तर माशीच्या कडा आणखी मऊ. सावलीतल्या मैदानावर काळा चष्मा मागणाऱ्याला मी आधी दिवे वाढवायला सांगतो.

एका बाबतीत मात्र आम्ही ऐकत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीकशी फट असते. त्या फटीतून तापलेला वायू आणि कधी शिशाचे कण बाजूला उडतात, आपल्याकडे आणि शेजाऱ्याकडेही. एका जुन्या, फार तयारीच्या नेमबाजांना खनिज काचेचंच भिंग हवं होतं, कारण आम्ही देतो त्या पॉलिकार्बोनेटमध्ये, म्हणजे सहसा न फुटणाऱ्या प्लास्टिकमध्ये, रंग फाटतात. मुद्दा खोटा नाही. रंग किती कमी फाटतात हे सांगणारा त्याचा ॲबे आकडा ३०च्या आसपास, साध्या चष्म्याच्या प्लास्टिकचा ५८. पण भिंगाच्या मध्यातून पाहणाऱ्याला तो फरक जवळजवळ जाणवत नाही, आणि फुटलेली काच मात्र जाणवते. ऑर्डर गेली. जाऊ दे. बाजूची आवरणं आम्ही प्रत्येक गोल चौकटीबरोबर देतोच, न मागता.

सगळ्यात आवडीचं काम जुन्या, पुढच्या तोंडाकडून भरायच्या काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरवाल्यांचं. १८५१च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरला मागे नेम धरायची वेगळी खूण, म्हणजे साइटच, नाही. घोड्यावर एक खाच आहे, आणि घोडा ओढला तरच ती नजरेसमोर येते. पुढे पितळेचा इवलासा मणी. अस्सल जुन्या शस्त्रांच्या स्पर्धांत साइट बदलायची मुभा नसते, म्हणजे जे काही करायचं ते चष्म्यातच. अशा एका आजोबांसाठी आम्ही पाव-पाव डायॉप्टरने पाच भिंगं केली आणि मैदानावर एकेक लावून पाहायला दिली. त्यांनी तिसरं ठेवलं. ताईने कागदावर काढलेलं दुसरं होतं. तेव्हापासून पाच भिंगांची पेटी घरी पाठवतो, मग अंतिम भिंग घासतो.

आता पाळी माझी. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, उजवा, म्हणजे नेमाचा, पुढच्या महिन्यात. बसवलेलं भिंग फिरत नाही. एकदा ठरलं ते ठरलं. बहुकेंद्री भिंगात कडांचा ठसठशीतपणा कमी होतो, म्हणून ते मी सोडलं, तिथवर आमचं एकमत आहे. ताईचं म्हणणं, उजवा डोळा मुद्दाम उणे ०.७५ वर ठेवून घे, म्हणजे बिननंबरी संरक्षक चष्म्यातूनही माशी सापडेल. माझं म्हणणं, दूरचं स्वच्छ ठेवू आणि भर चष्म्यात घालू. उद्या चार इंची नळी घेतली किंवा कोपर वाकवून उभा राहू लागलो, तर दोरा बदलेल, आणि डोळ्यातलं भिंग काही परत घासता येणार नाही. शल्यचिकित्सकांना आम्ही दोघांनी लाकडी रिव्हॉल्व्हर नेऊन दाखवलं. त्यांनी ते हातात धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "माशी मलाही नीट दिसत नाही." त्यांचा दोरा आता डब्यात आहे. माझा निर्णय अजून व्हायचा आहे.