गप्प बसले म्हणजे हो म्हटलं असं नाही

गेल्या महिन्यात ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना ती सोळा प्रकारांची पर्सनॅलिटी टेस्ट दिली, माझं आलं आयएनएफपी (ह्यातला आय म्हणजे अंतर्मुख, एफ म्हणजे फीलिंग). चार वर्षांपूर्वी मीच दिली होती तेव्हा आयएनएफजे आलं होतं. त्यामुळे मी ह्याला पत्रिकेसारखं मानत नाही. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स ह्या दोघींनी ती टेस्ट तयार केली, दोघीही शिकलेल्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या, स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर त्यांनी ती उभी केली. आणि मधोमध रेघ मारून माणसं इकडे नाहीतर तिकडे टाकायची म्हटल्यावर रेघेजवळचे लोक कधी ह्या बाजूला कधी त्या बाजूला पडणारच.

पण त्या निमित्ताने वाचताना युंगचं एक म्हणणं मात्र मनात रुतून बसलं. त्याच्या लेखी फीलिंग म्हणजे रडणं-हसणं नव्हे, एखादी गोष्ट आपल्याला किती मोलाची आहे हे ठरवणं म्हणजे फीलिंग. आणि अंतर्मुख माणसात हे ठरवणं आत चालतं, बाहेर दिसत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले, कारण माझ्या आयुष्यातली निम्मी भांडणं (जी कधी झालीच नाहीत ती पण धरून) ह्याच एका गोष्टीवरची आहेत. आमच्याकडे मौन म्हणजे संमती समजतात. माझं तसं नाहीये.

मी गोव्यातल्या डिचोलीची, पणजीला जाताना बरेचदा मये-चोडणवरून फेरीबोट घेते. चोडणच्या टोकाला सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम १.८ चौरस किलोमीटरचं, सगळी खारफुटी. सकाळी फेरीवर उभं राहून तिकडे बघणं हा माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ, तेव्हा कोणी बोलायला आलं नाही तर मला फार बरं वाटतं. एकदा शेजारी एक बाबा आणि त्याचा लहान मुलगा उभे होते. मुलाचे चिप्स संपले. बाबाने ते पाकीट हातात घेतलं, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि कठड्यावरून मांडवीत सोडून दिलं. मुलगा वाकून बघत राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून शब्द फुटला नाही, रायबंदरचा धक्का आला आणि सगळे उतरले. मला आजपण वाईट वाटतं ते ह्याचं की त्या मुलाला वाटलं असणार, असं टाकलं तरी आजूबाजूच्या कोणालाच काही वाटत नाही.

डोक्यात जाणाऱ्या गोष्टी तशा बऱ्याच आहेत. "येतो हां नक्की" म्हणून न येणं. कोणी मनापासून काही सांगत असताना मध्येच त्याची टर उडवणं. चारचौघांत "ही का बोलत नाही गो?" असं माझ्यासमोर दुसऱ्याला विचारणं. "जरा प्रॅक्टिकल हो" हे तर मला अजिबात सहन होत नाही, कारण बहुतेक वेळा त्याचा अर्थ तुला जे महत्त्वाचं वाटतं ते सोड एवढाच असतो.

पण सगळ्यात खोल लागलं ते आंबाड्याचं. आमच्या घरामागे जुना आंबाडा (आंबट फळांचं झाड) होता, चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या लाकडी चौकटीला, त्याचेच आंबाडे बांधायचे, मी लहानपणापासून केवणीच्या सालीच्या दोरांनी ते घोस बांधत आलेय. काकांनी गाडीसाठी शेड बांधायला तो तोडला. त्या वर्षी माटोळीला बाजारातून वाट्याने आणलेले आंबाडे आले, देठ मोडलेले, त्यांना दोर धरेना. मी बांधताना रडले तेव्हा काका खरंच गोंधळले. "अगो, तुझ्यासमोरच तर ठरलं, तू काय बोलली नाहीस." ते खोटं बोलत नव्हते. मी तिथेच बसले होते, चहाचा कप हातात धरून, आणि आतल्या आत नको नको म्हणत होते.

नंतर मी त्यांना लिहून पाठवलं, कारण लिहिताना मला शब्द सापडतात. लांबलचक मेसेज, तीनदा वाचून मग पाठवला. त्यात रागाचं काही नव्हतं, एवढंच की काका, मला विचारलं की लगेच उत्तर येत नाही, थोडा वेळ द्या, आणि मी गप्प असले तर ते हो धरू नका. त्यांचं उत्तर आलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टींना कोणी उत्तर देत नाही.

यंदा पावसाच्या आधी विहिरीजवळच्या तोरिंगणीच्या (पपनसाच्या झाडाच्या) फांद्या छपरावर येतात म्हणून ती तोडायचं निघालं. काकांनी सकाळी मला विचारलं, मी नेहमीसारखी गप्प. ते म्हणाले, "बरं बाय, सांज मेरेन सांग." आणि खरंच कोयता पडवीत ठेवून बाजारात गेले. संध्याकाळी मी सांगितलं की फांद्या छाटूया, झाड ठेवूया.

चवथीला त्याची तीन तोरिंगं माटोळीला लागली.